पहिली हाफ मॅरेथॉन: सावकाश पळायला शिकायचे पंधरा आठवडे

प्रश्न थोडक्यात असा: वय ४२. राहायला ठाण्यात कोपरीला, नोकरी मुंबईत फोर्टला. शाळा सुटल्यापासून कधी पळालो नव्हतो. जूनपासून आठवड्यातून पाच दिवस पळतो. ५ किलोमीटर ३३ मिनिटांत होतात, पण शेवटी धाप लागून थांबावंच लागतं. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर २१ किलोमीटरची शर्यत आहे, मित्रांबरोबर नाव नोंदवलंय. दोन तासांत होईल का? रोज किती पळू? एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांतली सरासरी साखर) ६.१ आहे, वडिलांना ५८व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता. आणि खरं सांगायचं तर सगळ्यात शेवटी येण्याची भीती वाटते.

तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही पार खाली, जाता जाता लिहिलंय. म्हणून आधी तेच घेते. वडिलांचा हृदयविकार, तुमची उंबरठ्यावरची साखर आणि चाळिशी ओलांडलेलं वय, हे तिन्ही एकत्र असताना डॉक्टरांना न विचारता २१ किलोमीटरची तयारी सुरू करायची नाही. फिजिशियनकडे जा आणि ‘मला शर्यत पळायची आहे’ असं स्पष्ट सांगा. नुसतं ‘व्यायाम करतो’ म्हणालात तर ते ‘छान, चालू ठेवा’ म्हणतील आणि विषय तिथेच संपेल. ते ईसीजी काढतील, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब बघतील, गरज वाटली तर स्ट्रेस टेस्ट, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून-पळवून हृदयाची तपासणी, करायला सांगतील. साखरेसाठी गोळी सुरू असेल तर ती पळण्याच्या दिवशी कधी घ्यायची हेही त्यांनाच विचारा. आणि पळताना छातीवर दडपण आलं, जबड्यात किंवा हातात कळ गेली, नेहमीच्याच वेगाला नेहमीपेक्षा फार जास्त धाप लागली किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्याच पावली थांबायचं आणि सरळ दवाखाना गाठायचा. ॲसिडिटी असेल म्हणून आणखी एक किलोमीटर रेटायचा नाही.

डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला असं धरून पुढचं लिहिते.

दोन तासांत होणार नाही. हे आजच सांगितलेलं बरं, कारण हा आकडा डोक्यात ठेवून तयारी केलीत तर ऑक्टोबरात पाय धरून बसाल. हाफ मॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किलोमीटर. ती दोन तासांत पळायची तर प्रत्येक किलोमीटर ५ मिनिटं ४१ सेकंदांत जायला हवा, सलग एकवीस वेळा. तुम्ही आज ६ मिनिटं ३६ सेकंदांच्या वेगाने पाच किलोमीटर पळता आणि थांबता. पंधरा आठवड्यांत पूर्ण अंतर तुम्ही नक्की पळाल, हे मी जबाबदारीने सांगते. पावणेतीन तासांच्या आसपास पोहोचाल, आणि पहिल्या वेळी ती चांगली वेळ आहे.

आता मुख्य अडचण. तुम्ही आठवड्यातून पाच दिवस शर्यतच पळताय. रोज ३३ मिनिटांचा आकडा गाठायचा, जमलं तर ३२ करायचा, संपल्यावर गुडघ्यांवर हात ठेवून उभं राहायचं. नवीन पळणारी दहापैकी आठ-नऊ माणसं माझ्याकडे हेच करत येतात. मीही असंच केलं होतं, आणि ते मला किती महागात पडलं ते पुढे सांगते. हा मधला वेग फसवा असतो. तो सावकाश नसतो, म्हणून शरीर सावरत नाही. पुरेसा जोरातही नसतो, म्हणून वेगही वाढत नाही. नॉर्वेत काम करणारे संशोधक स्टीफन सायलर यांनी जगातल्या अव्वल धावपटूंचा, सायकलपटूंचा, रोईंग करणाऱ्यांचा सराव तपासला तेव्हा त्यांना दिसलं की ही मंडळी साधारण ८० टक्के सराव अगदी आरामात करतात. जे दोन तास दहा मिनिटांत ४२ किलोमीटर पळतात, ते बहुतेक दिवस सावकाश पळतात आणि आपण ऑफिसला जायच्या आधी रोज जीव काढतो.

सावकाश म्हणजे किती? ठाण्यात उपवन तळ्याकाठी माझ्याबरोबर सरावाला येणाऱ्या नवख्यांना मी पळता पळता घरचा पत्ता पिनकोडसकट म्हणायला लावते. मध्ये श्वास घ्यायला थांबावं लागलं की वेग कमी. तुम्ही एकटे पळत असाल तर सतराचा पाढा म्हणा. तीन-चार ओळी सलग म्हणता आल्या तर वेग बरोबर. तुमच्या बाबतीत हा वेग किलोमीटरला आठ मिनिटांच्या आसपास येईल, कदाचित सव्वाआठ. पहिले दोन आठवडे लाज वाटेल. तलावपाळीला झपझप चालणाऱ्या आजोबांना ओलांडायला पाव फेरी लागेल. लागू द्या. घड्याळातला वेग बघायचा मोह होत असेल तर घड्याळ घरी ठेवा.

असं पळून होतं काय? स्नायूंमध्ये रक्ताच्या बारीक वाहिन्या वाढतात, पेशींमधली ऊर्जा तयार करणारी केंद्रं वाढतात, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतं आणि शरीर चरबी जाळायला सरावतं. हे सगळं आरामाच्या वेगाला उत्तम होतं. शिवाय एक गोष्ट फार थोडे लोक सांगतात. दम सहा-आठ आठवड्यांत सुधारतो, पण हाडं, पोटरीची शीर, टाचेखालचा पडदा यांना मजबूत व्हायला कित्येक महिने लागतात. त्यामुळे सातव्या-आठव्या आठवड्यात अशी वेळ येते की छाती म्हणते ‘पळ अजून’ आणि नडगी त्याला तयार नसते. बऱ्याच दुखापती नेमक्या त्याच काळात होतात, माणूस सगळ्यात खुशीत असताना. सावकाश पळण्याने ही दरी कमी होते.

आठवड्याची आखणी साधी ठेवा. पाच दिवस नको, चार पुरे. मंगळवारी आणि गुरुवारी ३५ ते ४५ मिनिटं आरामात. शुक्रवारी किंवा शनिवारी अर्धा तास, तोही आरामात. रविवारी लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सगळ्यात लांब पळणं. महिनाभरानंतर गुरुवारच्या पळण्यात शेवटी वीस-वीस सेकंदांच्या चार-पाच मोकळ्या दौडी घाला, पाय सुटे होण्यासाठी. वेगाचं काम पहिल्या शर्यतीला यापेक्षा जास्त लागत नाही. बुधवारी घरी वीस मिनिटं: उठाबशा, जिन्याच्या पायरीवर टाचा वर-खाली करणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं, एका पायावर तोल सांभाळणं. कंटाळवाणं वाटतं, पण गुडघेदुखीची तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी नेमका हाच दिवस खाल्लेला असतो.

रविवारचं अंतर येत्या आठवड्यात ६ किलोमीटर. मग ७, ८, आणि चौथ्या रविवारी परत ६. त्यानंतर ९, १०, ११ आणि पुन्हा ८. असंच तीन पायऱ्या वर, एक खाली. शर्यतीच्या तीन आठवडे आधी एकदा १७ किंवा १८ किलोमीटर, आणि तिथून कमी करत यायचं. सरावात पूर्ण २१ पळायची गरज नाही. ‘१८ झाले तर उरलेले तीन कुठून येणार?’ असं प्रत्येक जण विचारतो. ते दोन आठवड्यांच्या विश्रांतीतून येतात. त्या शेवटच्या दोन आठवड्यांत पाय जड वाटतील, कुठेतरी नवीन दुखल्यासारखं वाटेल, आपण सगळं विसरलो असं वाटेल. घाबरून जास्त पळू नका.

लाँग रनला सुरुवातीपासून नऊ मिनिटं पळायचं, एक मिनिट झपाझप चालायचं, हा क्रम ठेवा. दमल्यावर चालणं वेगळं आणि दमायच्या आधी ठरवून चालणं वेगळं. हिशेबच करून बघा: शर्यतीत ७ मिनिटं ४५ सेकंदांच्या वेगाने नऊ मिनिटं पळून एक मिनिट चाललात तर सरासरी आठ मिनिटांना एक किलोमीटर पडते, म्हणजे २१ किलोमीटर साधारण २ तास ४८ मिनिटांत. न थांबता पळण्याच्या हट्टापायी १४व्या किलोमीटरनंतर चालत येणाऱ्यांपेक्षा ही वेळ चांगली असते. तीन तासांच्या आत आहात, त्यामुळे कट-ऑफची, म्हणजे शर्यत संपवायच्या शेवटच्या मुदतीची, चिंताही बहुधा राहणार नाही. तरी तुमच्या शर्यतीची कट-ऑफ वेळ माहितीपत्रकात एकदा बघून घ्या.

कोपरीतून पळायला जायचं कुठे? रोजच्या पळण्याला घराजवळची सोसायट्यांच्या मधली गल्ली किंवा मैदान पुरेल. रविवारी पहाटे कोपरी पूल ओलांडून तीन हात नाका, नितीन कंपनी, कॅडबरी, मग पोखरण रोडने उपवनपर्यंत या. हळूहळू चढ आहे, झाडं आहेत, तळ्याकाठी माणसांची जाग असते आणि परतीचा उतार सोपा जातो. घोडबंदर रोड लाँग रनसाठी मी सुचवत नाही. ट्रक आणि धूळ यांत पळून छातीचं भलं होत नाही. येऊरचा चढ सुंदर आहे, पण पहिले दोन महिने तिकडे वळू नका, पोटऱ्या धरतील. नंतरही उजाडल्यावर आणि सोबतीनेच जा. ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, तिथे बिबट्या राहतो. कुत्रं अंगावर आलं तर पळू नका, थांबून शांतपणे चालत पुढे जा. अंधारात चमकणारी पट्टी असलेलं जाकीट घाला आणि समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने पळा. आणि कानात गाणी नकोत.

तुमची शर्यत पाम बीचला आहे, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात दोन-तीन रविवार तिथे जाऊन पळा. ठाण्याहून पहाटेची पनवेल गाडी पकडून सीवूड्सला उतरलात की झालं. हा रस्ता सपाट आणि सरळ आहे. ऐकायला सोपा वाटतो, पण पळायला नाही. चढउतार नसल्याने तेच ते स्नायू तासन् तास राबतात, आणि पुढचे दोन-दोन किलोमीटर डोळ्यांना दिसत असल्याने मन आधी थकतं. सावली जवळजवळ नाही. डिसेंबरच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. सहाला शर्यत सुटली तर तुमचा शेवटचा पाऊण तास चांगल्याच उन्हात जाणार. म्हणून टोपी घालून पळायची सवय आत्ताच करा. सरावाला जाल तेव्हा पदपथ किंवा सर्व्हिस रोडच धरा. मुख्य रस्त्यावर पहाटे गाड्या फार वेगाने जातात. खाडीच्या बाजूला तिवरं आहेत. थंडी पडू लागली की पाणथळींवर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) यायला लागतात. ते दिसले तर दोन मिनिटं थांबलात तरी चालेल, त्या दिवशी शर्यत नसते.

या पंधरा आठवड्यांत गणपती, नवरात्र, ऑक्टोबरचा उकाडा आणि दिवाळी, सगळं येणार आहे. गणपतीत चार दिवस बुडाले तर बुडू द्या, भरपाई म्हणून पुढच्या आठवड्यात दुप्पट पळू नका. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे हवेत फटाक्यांचा धूर साठलेला असतो, त्या दिवशी झोपा.

ऑक्टोबरबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. पाऊस गेलेला असतो, हवेत दमटपणा तसाच, आणि ऊन चढलेलं. आपल्या हवेत नुसता घाम येऊन अंग गार होत नाही, तो वाळला तर होतं. दमट हवेत तो वाळत नाही, नुसता ओघळतो. मग शरीर गार राहण्यासाठी रक्त कातडीकडे वळवतं, पायांच्या वाट्याला कमी येतं आणि त्याच वेगाला नाडी दहा-पंधरा ठोके वर जाते. तुमची तयारी बिघडलेली नसते, फक्त हवा तशी असते. त्या महिन्यात किलोमीटरमागे अर्धा मिनिट सहज जास्त लागेल. ते मान्य करून पहाटे पाचलाच बाहेर पडा. त्या काळात सप्टेंबरचा वेग धरून ठेवायला जाणाऱ्या दोघांना मी दर वर्षी बाकावर बसवून डोक्यावर पाणी ओतते. कुणी असंबद्ध बोलायला लागलं, पावलं अडखळायला लागली, तर तो नुसता थकवा नव्हे. त्याला लगेच सावलीत न्यायचं, अंगावर भरपूर गार पाणी ओतायचं आणि रुग्णवाहिका बोलवायची. हे तुमच्या मित्रांनाही सांगून ठेवा.

पाण्याचा अंदाज वजनावरून घ्या. लाँग रनच्या आधी आणि नंतर, कमीत कमी कपड्यांत, वजन करा. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर घाम गेला. तेवढा सगळा पळतानाच भरून काढायचा नसतो, पण आपण किती गळतो ते कळतं. मात्र वजन वाढलेलं दिसलं तर पाणी जास्त प्यायलं जातंय. ‘प्या, प्या’ असं सगळेच सांगतात, म्हणून नवखी माणसं प्रत्येक टेबलावर बाटली रिकामी करतात. सावकाश पळणाऱ्यांना नुसतं साधं पाणी फार प्यायल्याने रक्तातलं सोडियम घसरण्याचा धोका खरा असतो, आणि तो जीवघेणा ठरू शकतो. तहानेप्रमाणे घोट-घोट प्या. तासाच्या वरच्या पळण्याला सोबत ओआरएस ठेवा: औषधाच्या दुकानातली एक लिटरची पुडी, पूर्ण एक लिटरमध्येच मिसळलेली.

खाण्याबद्दल तुमचा प्रश्न नाही, पण तुमची साखर बघता थोडं लिहिते. पाऊण-एक तासाच्या रोजच्या पळण्याला आधी वेगळं काही लागत नाही, एक केळं पुरे. दीड तासाच्या पुढे स्नायूंतला साखरेचा साठा उतरायला लागतो, तेव्हा तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एका केळ्यात साधारण २५ ग्रॅम, चार-पाच लहान खजुरांत तेवढीच. चिक्की चालते, राजगिऱ्याचा लाडू चालतो, पळताना चोखायचं साखरेचं जेल आवडत असेल तर तेही. काय पचतं ते सरावात ठरवायचं, शर्यतीच्या दिवशी काहीही पहिल्यांदा तोंडात घालायचं नाही. पळायच्या आदल्या रात्री वरण-भात किंवा मऊ खिचडी, लवकर. मामलेदारची मिसळ पळून झाल्यावर. आणि पळतो म्हणून गोडाला मोकळीक मिळाली असं समजू नका. एचबीए१सी तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, मला चांगल्या बातमीची आशा आहे.

बूट असे घ्या की अंगठ्यापुढे अर्धा ते एक बोट जागा राहील. संध्याकाळी पाय सुजलेले असताना खरेदीला जा. शर्यतीच्या बुटांत आधी किमान साठ-सत्तर किलोमीटर झालेले हवेत. सुती बनियन नको, ओला होऊन कातडी सोलतो. काखेत, मांड्यांत, छातीवर व्हॅसलीन. नखं दोन दिवस आधी कापा.

दुखण्याबाबत एक खूण लक्षात ठेवा. नडगीच्या आतल्या बाजूला लांबवर पसरलेलं दुखणं पळणं कमी केलं की बहुधा जातं. पण हाडावर एकाच ठिकाणी, बोटाने दाबल्यावर कळ येत असेल, तर पळणं बंद आणि हाडांच्या डॉक्टरकडे. माझ्या गटातल्या एकीने अशी कळ तीन आठवडे लपवली, हाडाला बारीक तडा गेला होता. तिची ती शर्यत हुकली आणि पुढचे दोन महिनेही. मला आधी सांगितलं असतं तर, असं अजून वाटतं. आणि पेनकिलर घेऊन लांब पळायचं नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या आणि अंगातलं कमी झालेलं पाणी मिळून मूत्रपिंडांवर घाला घालतात.

आता शर्यतीचा दिवस, आणि माझी चूक. २०१० साली मुंबईची हाफ मॅरेथॉन मी पहिल्यांदा पळाले. सुटताना एवढी गर्दी, ढोल, टाळ्या, की पहिले पाच किलोमीटर मी सरावापेक्षा किलोमीटरमागे मिनिटभर जोरात गेले आणि मला ते सोपं वाटलं. पेडर रोडच्या चढावर दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. तिथून शेवटपर्यंत बहुतेक चालत गेले. ज्या मरिन ड्राइव्हवर पळायचं स्वप्न बघितलं होतं, तिथे मी फक्त पुढच्या पाणपोईकडे बघत होते. त्या दिवसापासून मी कुणालाही पहिले तीन किलोमीटर पोटभर मागे राहायला सांगते. २ तास ४५ मिनिटांचा झेंडा घेतलेला पेसर (ठरलेल्या वेळेत पोहोचेल अशा एकसारख्या वेगाने पळणारा) असेल तर त्याच्या मागून सुटा, पुढे जाऊ नका. तुम्ही नऊ-एकचा क्रम पाळत असाल तर पहिल्याच चालण्यात तो पुढे निघून जाईल, त्याच्यामागे धावू नका. पहिल्या मिनिटालाच शेकडो जण तुम्हाला ओलांडून जातील. बाराव्या किलोमीटरपासून त्यातले कितीतरी तुम्हाला परत भेटतील. घड्याळ २१.१ च्या ऐवजी २१.३-२१.४ दाखवेल, कारण वळणांवर आपण आतून पळत नाही. म्हणून कमान दिसेपर्यंत हिशेब करू नका. बिबवर, म्हणजे छातीवर लावायच्या नंबरावर, चिप असते, तुमची वेळ तुम्ही रेषा ओलांडल्यापासून मोजली जाते. मागून सुटल्याने तुमच्या चिपच्या वेळेत काही जात नाही.

शेवटी येण्याच्या भीतीबद्दल. मी गेली कित्येक वर्षं माझ्या गटातला शेवटचा माणूस येईपर्यंत कमानीपाशी थांबते. तीन तासांनंतर येणारे लोक असतात: साठीच्या बायका, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर परत आलेले, तीस किलो वजन उतरवलेले. तिथे उभ्या असलेल्यांनी त्यांच्यासाठी वाजवलेल्या टाळ्या मी ऐकल्या आहेत, पहिल्या नंबरासाठी वाजल्या त्याहून जास्त वेळ. तुम्ही २ तास ४८ ला याल, आणि तुमच्या मागे बरेच जण असतील.

रेषा ओलांडल्यावर लगेच बसू नका, दहा मिनिटं चालत राहा. ओले कपडे बदला, तासाभरात नीट जेवा. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं. सोमवारी ठाणे स्टेशनचा जिना कठडा धरून उतरावा लागेल, ते ठीक आहे. लघवीचा रंग चहासारखा गडद झाला तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आठवडाभर पळू नका, नुसतं चाला.

डॉक्टरांची वेळ याच आठवड्यात घ्या. रिपोर्ट चांगले आले तर येत्या रविवारी ६ किलोमीटर, पाढा म्हणत. आम्ही पहाटे साडेपाचला उपवनला तळ्याच्या काठी असतो.